बाटलीला किती शिट्ट्या?

६ जानेवारी, सोमवार

बाटल्या आणल्या. सहा. काचेच्या, दूध पाजायच्या. चैताली संध्याकाळपासून माझ्याशी बोलत नाही.

माझा काय दोष? सात रस्ता चौकात गेलो होतो सुतळी आणायला — कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे बांधायला लागते. शेजारीच लहान मुलांच्या सामानाचं दुकान. शिरलो आत. दुकानदार म्हणाला, "बाळ केवढंय?" म्हणलं, "यायचंय अजून." "कितवा महिना?" तोंडातून निघूनच गेलं — "चौथं वर्ष!" त्यानं बाटल्या इतक्या घाईनं गुंडाळून दिल्या की पिशवी पाहिजे का तेसुद्धा विचारलं नाही.

आता मी खरं तेच सांगितलं की! मूल दत्तक घ्यायचा अर्ज भरून तीन वर्षं झाली, चौथं चालू आहे. यादी सरकते, पण बैलगाडीनं. चैताली म्हणते, "बोलावणं आल्यावरच सगळं आणायचं ठरलं होतं." ठरलं होतं. सात वर्षांपूर्वी आम्ही आधीच झबली आणली होती, टोपडी आणली होती. मग ती गुपचूप कुणाला तरी देऊन टाकावी लागली. त्याबद्दल या घरात कुणी बोलत नाही. इथंही नको.

पण मी काय करू? दत्तक संस्थेच्या मॅडम घर बघायला आल्या होत्या, तेव्हा मला विचारलं होतं — "वडील म्हणून तुम्ही काय काय करणार?" चैतालीनं तिच्या वाटचं किती छान सांगितलं. माझं डोकं कोरं. म्हणालो, "बाटल्यांचं मी बघतो." मॅडम हसल्या. चैताली तर खो-खो. तेव्हापासून डोक्यात बसलंय. बाटल्यांचं मी बघणार. बघूनच दाखवणार!

८ जानेवारी

व्हिडिओ पाहिला. नुसतं उकळून भागत नाही म्हणे, कुकरच्या वाफेत सगळे जंतू मरतात. पंधरा पौंड दाब, पंधरा मिनिटं. आता आमच्या कुकरला काटा कुठाय? त्याला शिट्टी आहे. व्हिडिओवाला शिट्ट्यांबद्दल अवाक्षर काढत नाही.

आईला विचारलं, "आई, एका शिट्टीला दाब किती होतो गं?"

"डाळीला तीन, हरभऱ्याला सहा. दाब-बिब मला ठावं न्हाय. का रं?"

"सहज."

"तू सहज सैपाकघरात येणारा माणूस न्हाईस, दिपक्या."

मग तिला बाटल्या दिसल्याच. काय सुचलं मला कुणास ठाऊक, सांगितलं की कारखान्यातल्या आहेत, रंगाचे नमुने ठेवायला. आई त्या बाटलीकडं बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "असंल बाबा." आई वळसंगची, त्या गावचं पाणी सहजासहजी ढवळत नाही.

तिला खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बाळ यायच्या आधी काय आणू ने. आणि तिचं तोंड मला बघवलं नसतं.

१० जानेवारी

फुटली! एक फुटली!

कुकरमध्ये पाणी घातलं, बाटल्या उभ्या केल्या, झाकण लावलं. पाणी तापलं तशा त्या आत नाचायला लागल्या. खडखड, खडखड! अख्ख्या जुळे सोलापूरला ऐकू गेलं असणार. खालच्या मजल्यावरच्या पार्वतम्मा जिना चढून आल्या — "दिपकभाऊ, मिक्सरमधी दगड पडला की काय?" म्हणलं, "नाही, बाटल्या उकडतोय." "अय्यो," म्हणाल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या. मजा बघायला.

आता बाई उभी आहे म्हणल्यावर मला जरा चपळाई दाखवावीशी वाटली. शिट्ट्या झाल्या. आई डाळीचा कुकर कसा नळाखाली धरते, तसा धरला. फुस्स झालं. आणि आत — टक्.

पाच राहिल्या. चैताली चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आता बाळालापण नळाखाली धरू नका म्हणजे झालं."

बोलली तरी!

११ जानेवारी

कुकर आपोआप थंड होऊ द्यायचा असतो. मीसुद्धा.

१४ जानेवारी

खडखड बंद करायला तळाशी कापड घालायचं, असं तिसऱ्या व्हिडिओत सांगितलं. कापडाला आपल्याकडं काय तोटा! माणूस टॉवेलच्या कारखान्यात, घरात टॉवेलचा डोंगर. एक मऊ मरून टॉवेल काढला, घडी घातली, वर बाटल्या उलट्या ठेवल्या. अजिबात आवाज नाही. मी खुर्ची ओढून कुकरसमोर बसलो. लई समाधान वाटलं.

झाकण उघडलं. पाच बाटल्या, पाचही गुलाबी.

हा टॉवेल आमच्याकडं परत का आला होता? रंग जातो म्हणून! परत आलेला माल उतरवून कुणी घेतला होता? मी! तक्रारीच्या चिठ्ठीवर सही कुणाची? माझी! चैतालीला हे सांगायला नको होतं. तिनं ताबडतोब भावाला फोन लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. भाऊ पलीकडून इतका हसत होता की मला गॅलरीत ऐकू येत होतं.

आई म्हणाली, "रंगाच्या बाटल्या म्हनला हुतास न्हवं? मग झाला की नमुना."

१५ जानेवारी

बाटल्यांची रबरी बोंडं वेगळ्या पातेल्यात उकळत ठेवली आणि बातम्या बघत बसलो. पातेलं गेलं. बोंडं गेली. घरभर जळक्या टायरचा वास. नवीन बोंडं आणली, दुसऱ्या दुकानातून.

१९ जानेवारी, रविवार

आज आईनं घात केला.

गुलाबी रंग तीन दिवस घासून काढला होता. आज जुनं पांढरं धोतर तळाशी घातलं, पाणी दोन बोटं, बाटल्या उलट्या, सगळं व्हिडिओबरहुकूम. गॅस पेटवून अंघोळीला गेलो. बाहेर येतो तर घरभर फोडणीआधीच्या डाळीचा वास! कुकरच्या शिट्टीतून पिवळा फेस उडतोय. आईनं झाकण काढून बाटल्यांच्या डोक्यावर डाळीचा डबा बसवला होता. शिवाय चार बटाटे कडंनं.

"आई! हे काय?"

"रिकामा कुकर लावतेत व्हय रं कुटं? गॅस काय फुकट येतो?"

"रिकामा नाही! बाटल्या आहेत आत!"

"बाटल्या जेवनार हाईस का तू?"

हळद, हिंग, तुरीची डाळ — सगळं उतू जाऊन बाटल्यांवरून ओघळलं होतं. चैताली म्हणाली, "निर्जंतुक आमटी!" आणि दोन वाट्या प्यायली. मीही प्यायलो. चांगली झाली होती, ते वेगळं.

जेवण झाल्यावर आई बाटल्या घासायला माझ्याजवळ येऊन उभी राहिली. राख नाही म्हणून तिनं चिमूटभर मीठ घेतलं. घासता घासता म्हणाली, "रंगाच्या बाटलीला रबरी बोंड कशाला लागतं रं, दिपक्या?"

मी तीच बाटली परत घासायला घेतली.

"आपुन असलं काय मानत न्हाय. शकुन, अपशकुन, काय सुदिक न्हाय. पर तरीबी आधी आणू ने." थोड्या वेळानं म्हणाली, "आणलंस ते आणलंस. मला काय दिसलं न्हाय. नीट घास, बुडाला पिवळं ऱ्हायलंय."

तिचे डोळे भरले होते. माझेही. हिंगानं, असं दोघांनी ठरवलं.

२२ जानेवारी

कुकरची रिंग गेली. चैताली म्हणते की या कुकरनं दहा वर्षांत जेवढं सोसलं नाही तेवढं या महिन्यात सोसलं. आज रिंग मिळाली नाही. बाटल्या बोंडांसकट पार्वतम्मांकडं दिल्या, त्यांच्याकडं लग्नकार्यातला भला मोठा कुकर आहे. पद्धत नीट समजावून सांगितली. "कळलं की, भाऊ, कळलं," म्हणाल्या.

२३ जानेवारी

काय लिहू! हसू आवरेना.

पार्वतम्मांनी बाटल्या आणून दिल्या. स्वच्छ उकडलेल्या, कोरड्या केलेल्या, लखलखीत. आणि पाचही गळ्यापर्यंत शेंगा चटणीनं भरलेल्या! लाल तिखट, लसूण, तेल सुटलेली. बोंडंसुद्धा वर बसवून दिली होती.

मी म्हणलं, "पार्वतम्मा, अहो हे..."

"रिकामं भांडं परत देऊ नये की, भाऊ. आमच्यात नाही देत. तोंड बारीक आहे, चमच्याच्या दांडीनं भरली. दोन तास गेले."

दोन तास! त्या बाईनं दोन तास बसून दूधबाटलीत दांडीनं चटणी ठासली. मी तिच्या पाया पडू की रडू?

चैताली आतून आली. बाटली हातात घेतली, उलटी केली, बोंडातून लाल तेलाचा एक थेंब आला. ती जमिनीवरच बसली. पोट धरून हसली, डोळ्यांतनं पाणी आलं. मी तिला असं हसताना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. मला वाटलं, सगळ्या बाटल्या फुटल्या तरी चालतील.

मग पार्वतम्मा तिच्या शेजारी टेकल्या. हळूच म्हणाल्या, "दूधबाटली मला कळत नाही का? सात नातवंडं वाढवली. सांग की, कितवा?" आणि चैतालीच्या पोटाकडं बघितलं.

हा प्रश्न आला की चैताली दोन दिवस खोलीतून बाहेर येत नाही. पण आज हसण्याचा जोर होता अंगात. ती डोळे पुसत म्हणाली, "पोटात नाहीये, मावशी. यादीत आहे."

"यादीत?"

"दत्तक घेतोय आम्ही."

पार्वतम्मा म्हणाल्या, "मंग काय झालं? रेशनपण यादीतनंच मिळतं की. खातोच ना आपण?" आणि उठून गेल्या. जाताना सांगितलं, चटणी संपली की बाटल्या परत पाठवा, जवसाची करणार आहे.

२४ जानेवारी

भाकरी, बाटलीतली चटणी. बाटली आपटून आपटून बाहेर काढावी लागते. आई म्हणते बोंडातनं ओढ.

२८ जानेवारी

लसणाचा वास जात नाही. लिंबू, सोडा, ऊन, सगळं झालं. कारखान्यात बसलिंगप्पाला विचारलं, तो माझ्याबरोबर गठ्ठे बघतो. म्हणाला, "वास राहू दे की, पोरगं सोलापूरचं होणार हाय ना?"

२ फेब्रुवारी

आज कुणी घरात नाही. लिहून टाकतो.

मला भीती वाटते. बाळ येईल, सगळे घ्यायला पुढं होतील, आणि माझ्याकडं बघून ते रडायला लागेल. त्याला कळेल की हा माणूस कुणी नाही. चैतालीला लोक आई म्हणतील, ते तिला शोभेल. बाळ कसं घ्यायचं, कसं थोपटायचं, तिला सगळं येतं. आईनं चार पोरं वाढवलीत. मला काय येतं? गठ्ठे मोजता येतात. भावाची पोरंसुद्धा मी उचललं की अंग ताठ करतात.

बाटल्या मात्र माझं ऐकतील. त्याला मी पाजलं तर ते मला ओळखेल, एवढंच माझं गणित. हे चैतालीला सांगितलं नाही. ती हसली असती, किंवा हसली नसती — दोन्ही नको.

९ फेब्रुवारी, रविवार

जमलं!!

नवीन रिंग. पांढरं धोतर. पाणी दोन बोटं. बाटल्या उलट्या. आईला शपथ घातली की झाकणाला हात लावायचा नाही. तिनं शेजारच्या शेगडीवर पातेल्यात डाळ शिजवली आणि पूर्ण वेळ कुकरकडं बघून "वाया, सगळं वाया" म्हणत राहिली. शिट्टी झाली, आच बारीक केली, वेळ लावली, गॅस बंद. मग मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो, म्हणजे हात शिवशिवणार नाहीत.

उघडलं. एकही फुटली नाही. गुलाबी नाही. पिवळी नाही. चैतालीनं एकेक नाकाशी धरली. पाचवीशी थांबली. म्हणाली, "वास नाही."

धुतलेल्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवल्या. दिवसभर शीळ घालत हिंडलो. आता येऊ दे म्हणावं!

२० फेब्रुवारी

आलं. आज संस्थेचा मेसेज आला. दुपारी, चैतालीच्या फोनवर. मी कारखान्यात होतो, तिनं फोन केला आणि नुसतीच रडत राहिली. मला वाटलं आई गेली. मोटरसायकल कशी हाणली माहीत नाही. दार उघडलं तर आईच पुढं — "मेल्या, पेढे न्हाय आणलंस?"

मुलगी आहे. नाव उत्कर्षा. फोटोत खिडकीचा गज धरून उभी आहे. कपाळाला आठ्या. कुणावर तरी चिडलीय.

उभी आहे!

पुढं वाचलं. वय वीस महिने. चालते, पळते. दात बारा. सर्व प्रकारचा आहार घेते, बाटलीची सवय नाही.

मी ते शेवटचं वाक्य चारदा वाचलं. आम्ही अर्जात दोन वर्षांपर्यंतचं बाळ चालेल लिहिलं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर कायम मांडीवर मावणारं. चैतालीनं माझ्याकडं बघितलं आणि तिला समजलं. म्हणाली, "अहो, बाटल्यांचं काय ते नंतर बघू."

"मला तेवढंच येतं गं."

म्हणालो खरं. ती हसली नाही. माझा हात धरून बसली.

आईला फोटो दाखवला. तिनं फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. "दात आलेत? लई बरं झालं. आपली भाकरी वाया न्हाय जायची."

हो-नाही कळवायला दोन दिवसांची मुदत. आईनं आनंदात भात लावला होता. पहिली शिट्टी व्हायच्या आत आम्ही हो कळवलं.

४ मार्च

आज संस्थेत जाऊन तिला भेटलो.

मला बघून रडली. मोठ्यांदा, बारा दात दिसतील अशी. चैतालीकडं गेली. आईकडं गेली. आमच्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर येडू, तो दारात चपला काढत होता — त्याच्याकडंसुद्धा गेली! मी हात पुढं केला की तोंड फिरवायची. संस्थेच्या बाई म्हणाल्या, "वेळ लागतो, भाऊ." हो, लागतो. मी हसून हसून गाल दुखवून घेतले.

परतताना गाडीत येडूला तेवढं अवघडल्यासारखं झालं होतं.

१८ मार्च

कागदपत्रं झाली. आजपासून उत्कर्षा घरी. दत्तकाच्या हुकुमाचं काम पुढं चालू राहील.

पार्वतम्मांनी ओवाळलं. ती त्यांच्या कानातलं ओढून बसली. घरभर पळते, उशी ओढते, आईच्या मागं मागं. मी खोलीत आलो की थबकते आणि चैतालीच्या पायामागं जाते.

मी तिच्यासाठी काचेचा छोटा ग्लास आणलाय. हौसेनं कुकरला लावला, धोतरावर उलटा, पूर्ण वेळ. चैताली बघत होती.

२० मार्च

ग्लासातलं दूध ढकललं. माझ्या हातचं केळं ढकललं. चैतालीच्या हातून तेच केळं खाल्लं. मी चिडलो नाही. थोडा चिडलो.

२३ मार्च, रविवार

सकाळी गॅलरीत जमिनीवर चहा घेत बसलो होतो. बशीत ओतून, फुंकून, अर्धा पिऊन झालेला. ती आली. उंबऱ्यात उभी राहिली, आठ्या घालून. मी मुद्दाम तिकडं बघितलं नाही. मग बशीत एक बोट आलं. मातीनं भरलेलं. बुडवलं, चाटलं. परत बुडवलं. चैताली आतून ओरडत धावली, "अहो, उष्टाय तो, हात बघा तिचे!" — आईनं तिला दारातच दंडाला धरून थांबवलं.

पोरगी माझ्या मांडीवर बसली. दोन्ही हातांनी माझा हात धरून बशी तोंडाला लावली. सगळा चहा प्यायली. मग रिकामी बशी माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, "अजून."